खंडेनवमीचा दिवा आणि विजूचं इवर

रहाटणी,
दसऱ्यानंतरचा शनिवार, ४ ऑक्टोबर

सगळ्यात आधी टपकली ती शालनबाई. दसरा सरून दिवस गेला तरी सोनं द्यायचं निमित्त काढून आली. हातात आपट्याची पानं दोन, पण डोळे आमच्या सैपाकघरात चार. ती टेकतीया न टेकतीया तोच चाकणवरनं उद्धवचा फोन. "आई, विजूची माणसं आली! दिवाळीनंतर येणार व्हती ती आत्ताच शेडच्या दारात उभी हायेत. जयमालाला म्हणावं खायला काहीतरी घेऊन ये."

आशीर्वाद वर लिहायचा असतो, ठाऊक हाय मला. पण बातमी पोटात ऱ्हाईना. तर विजू, लाख लाख आशीर्वाद. फोनवर सांगितलं असतं, पण फोनात तुझा आवाज माझ्या कानात मुंगीवानी नुसता चालतो, समजत काईच न्हाई. आन साक्षरतेच्या वर्गात गिरवलेली अक्षरं मंग कवा कामाला यायची?

जयमालानं पोह्यांचा डबा भरला, मी लुगडं बदललं, आन गाडीचं दार उघडून बघते तर शालनबाई आधीच आत बसलेली. म्हणली, "मलाबी बघायचंय पोरीनं काय मांडलंय ते." मोशीपतोर बरं गेलो, मंग चाकणच्या चौकात अशी गाडी अडकली की पोहे निवले.

तुझे ज्ञानेश सर व्हते, आन तुझ्या कामाला मंजुरी देणारी एक गोरी बाई, इंग्रिद. केस आखूड, पायात मळकट बूट, आन बसली कुठं? आपल्या शेडच्या फरशीवर, तू मांडलेल्या पाण्याच्या हौदाच्या काचेला नाक लावून! उद्धवनं खुर्ची आणली तर हात हलवून नको म्हणली. शालनबाई माझ्या कानात, "हिचं लगीन झालंय का गं?" म्हणलं, तू पोहे खा.

शालनबाईला काय गप बसवंना. "एवढ्या लांब हौदात मासं पाळत्यात का?" तवा म्या तिला तू सांगितलेलं समदं सांगितलं. आभाळात एक काळं इवर असतं, त्यात गेलेलं काईच परत येत न्हाई. "म्हंजी कशासारखं?" म्हणली. म्हणलं, "तुझ्या घरी गेलेल्या माझ्या पुरणयंत्रासारखं." तिनं पोह्यांच्या बशीत तोंड घातलं. मंग पुढचं सांगितलं. हौदात मधी उंचवटा हाय, तिथं पाणी जोरात पळतं. उलट्या दिशेनं सोडलेली लाट तिथवर येती आन अडकती, पुढं जाईना. तोच इवराचा काठ. पण विजू म्हणती, त्या काठावरनं बारीकशी ऊब बाहेर पडती. चुलीतली राख विझल्यावानी दिसती, पण हात धरला की कळतं, तशी. आभाळातली ऊब कुणाला घावत न्हाई, म्हणून पोरगी पाण्यात हुडकतीया. बरोबर सांगितलं न्हवं?

सरांनी उद्धवला एवढंच विचारलं, पाणी कवा बदललं. उद्धव म्हणला, नवरात्रात, स्वच्छ हाय. मंग त्यांनी लाटा सोडल्या, कॅमेरे लावले, आन दुपार कलंडेपतोर संगणकात डोकी घालून बसले. आन एकाएकी ती इंग्रिदबाई उठली नि मलाच मिठी मारली! सर म्हणले, आजी, उबेचा असा आकडा मिळायला नशीब लागतं. ती बाई दोन महिने आपल्या देशात शिकवायला हाय म्हणं. अजून एक वरीस हौद चालू ठेवायचं पत्र धाडते म्हणली.

माझ्या जिवावरचं ओझं उतरलं बघ. तुला ठाऊक हाय, उद्धवनं निक्षून सांगितलेलं, दिवाळीनंतर तिथं नवं मशीन बसणार, मंजुरी आली तर ठीक, न्हाईतर हौद कापून पत्रा कामाला घेणार. आन हौद गेला की तुझं डाक्टर व्हणं गेलं.

आता हे कशामुळं झालं? कुणी म्हणल संगणकामुळं. मी म्हणते खंडेनवमीमुळं. शेडमधली सगळी यंत्रं पुजली, हळदकुंकू, झेंडू, नारळ. मंग तुझ्याच हौदानं काय पाप केलंय? पण साठलेलं पाणी कशाला पुजायचं, म्हणून जयमालाला म्हणलं, दाब बटण, वाहतं कर. त्यात चिमूटभर हळदकुंकू सोडलं, फुलं सोडली, आन द्रोणात दिवा लावून सोडला. इतका छान गेला गं तरंगत! उंचवट्यापाशी गेला, गोल फिरला, आन उलटला. तेल सगळ्या पाण्यावर पसरलं, मोरपिसासारखे रंग. जयमाला घाबरली. म्हणली, सासूबाई, साबण घातला की तेल जातंय, आन भांड्याचा हिरवा साबण घातला. फेस आला तो गाळणीनं काढला, फुलं काढली. उद्धवला सांगितलं न्हाई, तो उगा खेकसतो. पण फळ मिळालं का न्हाई?

तब्येतीला जप. तिकडच्या इडलीनं पोट भरत नसंल तर चपाती करून घेत जा.

तुझी आजी,
गोजाबाई


बंगळूर,
९ ऑक्टोबर

आजी,

हे पत्र पोस्टात टाकायचा धीर नाही. फोटो काढून काकूच्या फोनवर पाठवतेय. काकू, आजीला अक्षरं मोठी करून दे, आणि काकाला एवढ्यात दाखवू नकोस.

तुझं पत्र मी हॉस्टेलच्या फाटकात उभी राहून वाचायला घेतलं. पुरणयंत्रापर्यंत हसत होते. दिव्याचं वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. वॉचमनने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं, घरी कुणी गेलं.

मला तुझा राग आलाय. हे आधी लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

आजी, आम्ही त्या हौदात बोट घालायचं तरी आधी हात धुऊन, पुसून घालतो. पाण्याला वरून ताणलेली कातडी असते असं समज. मोठ्या लाटांना तिचं फारसं काही नसतं, पण अगदी बारीक लाटा त्या कातडीच्या ताणावरच चालतात. साबण पडला की कातडी सैल होते. तेल पडलं की बारीक लाटा मरतात. तुम्ही दोघींनी दोन्ही घातलं! आणि गाळणीने फेस निघतो, साबण निघत नाही. म्हणजे ज्या आकड्यावर इंग्रिदबाई उठून तुला मिठी मारत होत्या, तो कुठल्या पाण्याचा आकडा होता हे कुणालाच माहीत नाही. सर स्वच्छ पाणी समजून मोजत होते.

आणि मंजुरीचं पत्र परवाच आलं. मी इथे सगळ्यांना पेढे वाटले. मैत्रीण म्हणते, "गप्प बस, आकडा चांगला आहे ना? तुझ्या आजीशिवाय कुणाला माहितीये?" खरंच कुणाला माहीत नाही. पण मग मी वर्षभर जे काही लिहीन, त्याच्या खाली साबण असेल.

मी आज सरांना सांगणार आहे. मंजुरी जाईल बहुतेक. हौदही जाईल.

तू फक्त एवढं आठवून लिही: तेल कुठलं? साधारण किती? साबण कितीसा? पंचामृत घातलंस का? दूध, दही, काहीही? माझ्यापासून लपवू नकोस.

विजयश्री


रहाटणी,
१२ ऑक्टोबर, रविवार

विजू, बाळा,

जयमालानं फोन पुढं धरला तवा मी पोळ्या लाटत व्हते. वाचून झालं तवा तव्यावरच्या पोळीचा कोळसा झालेला. जयमाला एका कोपऱ्यात, मी एका. कुणी कुणाकडं बघंना. तू पत्राखाली विजयश्री लिहिलंस. आजपतोर कधी मला पुरं नाव लिहिलं न्हाईस.

विचारलंस त्याची उत्तरं देते. तेल तिळाचं, देवाचं, दिव्यात मावतं तेवढं. साबण जयमालाच्या हातचा, म्हंजी एक पिचकारी, आन तेल दिसतंयच म्हणून आणखी एक, तिचा हात तुला ठाऊक हाय. हळदकुंकू चिमटीत बसंल एवढं. पंचामृत घालणार व्हते, खोटं कशाला बोलू, वाटी हातात घेतलेली. जयमालानं मनगट धरलं म्हणून ऱ्हायलं. तिला दुवा दे.

मला अजून उमगत न्हाई, विजू. पुजल्यानं बिघडतं असं कसलं हे शास्तर? माझी सासू जात्याला पुजायची, तुझा आजा मोटारीला पुजायचा, कधी काय बिघडलं न्हाई. पण तू पायरीवर बसलीस हे वाचलं आन माझं मलाच कसंतरी झालं. वाटलेले पेढे लोकं परत मागत्यात का गं?

आता उद्धवचं. त्याला कळलं, तुझ्या सरांनीच फोन केला. मंजुरी आडवून धरलीया म्हणले, नीट तपासल्याशिवाय काई सांगता येत न्हाई. उद्धव जेवताना उठला. मला कधी न्हाई ते म्हणला, "आई, तुला देव सगळीकडं दिसतो, पोरीचं नुकसान दिसत न्हाई?" मी त्याचं ताट उचलून झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासंगं शेडमधी गेले. बघते तर गड्यानं हौदावर खडूनं रेघा मारलेल्या, कुठं कापायचं त्याच्या. मी सरळ हौदाच्या पुढ्यात जाऊन उभी ऱ्हायले.

"उद्धव, ह्याला कटर लावायचा न्हाई."

"आई, नवं मशीन गाडीत चढलंय."

"चढू दे. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार पुढच्या खंडेनवमीपतोर मोडत न्हाईत."

"असं कुठं असतं?"

"हाय."

"कुणी सांगितलं?"

"आजेसासूनं."

जयमाला मागं तोंडाला पदर लावून उभी. गाडीत बसल्यावर हळूच म्हणली, "सासूबाई, हे मला कधी सांगितलं न्हाई तुमी." म्हणलं, मलाबी आत्ताच सुचलं. पण उद्धवनं कटर ठेवला खाली. रेघा मात्र पुसल्या न्हाईत.

मी आडवून धरीन, पण किती दिवस? तू काईतरी कर. आन माझ्यावर रागव, पण नाव छोटं लिही.

आजी


बंगळूर,
२८ ऑक्टोबर

प्रिय आजी,

दिवाळीला आले नाही म्हणून तू काकूजवळ रडलीस, तिने सांगितलं. मी रागाने थांबले नव्हते. मला काहीतरी दिसलं होतं आणि ते खरं आहे की माझ्या डोळ्यांचा खेळ, हे ठरल्याशिवाय तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

सरांना फोनवर सगळं सांगितलं. तर ते म्हणाले, "साबण कोणता?" आजी, बाकी काही नाही! साबण कोणता! त्याच दिवशी त्यांनी इंग्रिदबाईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं: मंजुरी थांबवतेय, पण त्या दिवशीचं सगळं मोजमाप फेकू नका, विजयश्रीला पुन्हा पाहू दे.

मी पाहिलं. आता नीट वाच, तुला कळेल असंच लिहितेय.

काठावरून ऊब निघते, हे शालनबाईंना तू अगदी बरोबर सांगितलंस. पाणी काही गरम होत नाही, पण काठावर एका लाटेच्या दोन लाटा होतात, त्यांच्या उंचीच्या प्रमाणात तिची खूण दिसते. आता अडचण कुठे आहे? आभाळातल्या विवराच्या काठावरून निघालेली लाट उलट मागे मागे शोधत गेलं, तर ती बारीक होत जाते. मोहरीएवढी, मग धुळीएवढी, मग इतकी बारीक की तिथे निसर्गाचे कोणते नियम चालतात हे जगात कुणालाच ठाऊक नाही. म्हणून काही मोठी माणसं विचारतात: त्या बारकाव्यात नियम वेगळेच असले तर? तर ही ऊब निघेल का? की आपण चुकीच्या पायावर एवढं मोठं गणित उभं केलंय? माझं सगळं काम याच प्रश्नावर आहे. नियम बदलून पाहायचे आणि ऊब टिकते का पाहायची. आम्ही ते आजवर कागदावरच करत होतो. हौदात करायचं तर पुढच्या वर्षी, फार जपून, असं ठरलेलं.

आणि तू ते खंडेनवमीला करून टाकलंस.

साबणाने बारीक लाटांचा नियमच बदलला. त्या दिवशीच्या चित्रांत बारीक लाटा ओळखूच येत नाहीत. वेग वेगळा, आकार वेगळा, कितीतरी मेलेल्या. सरांनी त्या दिवशी फक्त मोठ्या लाटा पाहिल्या म्हणून त्यांना कळलं नाही. मी हे पाहिलं आणि म्हटलं, संपलं. आता उबेचा आकडाही वाकडाच असणार, चांगला आला तो योगायोग. मग तो स्वच्छ पाण्याच्या जुन्या आकड्यांशेजारी ठेवला.

तोच आहे, आजी. तोच! बारीक लाटांचं सगळं जग उलटंपालटं झालं आणि काठावरची ऊब जागची हलली नाही. मी पुन्हा पुन्हा केलं. इथल्या दुसऱ्या मुलीला काहीही न सांगता करायला दिलं. तिलाही तेच मिळालं. सर आता फोनवर वाक्य पूर्णच करत नाहीत, नुसतं "पण हे... पण हे..." म्हणतात.

पण हुरळू नकोस. चुकून एकदा घडलेलं कुणी मानत नाही, आणि मानूही नये. हे पाणी आहे, आभाळ नाही. आता ते जाणूनबुजून, मोजून करावं लागेल. आधी स्वच्छ पाणी, मग नुसतं तेल, मग नुसता साबण. त्यासाठी तोच हौद, तोच उंचवटा लागणार. नवा बांधला तर पुन्हा पहिल्यापासून. मंजुरी अजून थांबलेलीच आहे. इंग्रिदबाई स्वतः येऊन हौद आणि उरलेलं पाणी बघतील, मग ठरवतील. पाणी टाकून तर दिलं नाही ना? काकाला विचार. नाही, विचारू नकोस. त्याला पाणी उपसायच्या बटणापाशी जाऊच देऊ नकोस.

मी पायरीवर बसून तुझ्यावर चिडले होते. परवा त्याच पायरीवर बसून हसत सुटले. वॉचमनला आता काय वाटत असेल कोण जाणे.

तुझी विजू


रहाटणी,
६ नोव्हेंबर

आशीर्वाद आधी लिहिते, मागच्यासारखं नको. विजू, सुखी ऱ्हा.

आज बी सगळ्यात आधी शालनबाईच आली. आन हातात काय असंल? माझं पुरणयंत्र! घासूनपुसून, वर फडकं बांधून. म्हणली, "गोजाबाई, तू चारचौघांत मला इवर म्हणलीस ते लई लागलं बघ मला." म्या उंबऱ्यातच बसकण मारली. इतक्या वर्सांनी! जयमाला म्हणती, "बघा सासूबाई, इवरातनंबी बाहेर येतं." हसून हसून पोटात दुखाया लागलं. मंग शालनबाई परत गाडीत आधी जाऊन बसली हे सांगायला नकोच.

शेडवर तुझे सर नि इंग्रिदबाई येऊन थांबलेले. पाणी हाय तसंच व्हतं. मीच त्यावर पाटी लावून घेतलेली उद्धवकडनं, "हात लावू नये". कारखान्यातल्या गड्यांना वाटलं, देवाचं पाणी हाय, एक-दोघं जाताना हात जोडत व्हते. तो दोष माझा न्हाई.

त्या बाईनं बाटल्यांत पाणी भरून घेतलं. मंग हौदावरल्या खडूच्या रेघा बघितल्या नि सरांना काई विचारलं. सरांनी सांगितलं, हे कापायचं ठिकाण. विजू, ती बाई पांढरी व्हतीच, अजून पांढरी झाली. उद्धवकडं वळली, काय काय बोलली, हात जोडले. सर मराठीत सांगायला लागले तवा उद्धवचा चेहरा बघण्यासारखा. माझ्या पोरानं आयुष्यभर पत्रा कापला, वाकवला, जोडला. हा उंचवटाबी त्यानंच घासून बनवलेला. त्याला पहिल्यांदा कळलं की त्याच्या हातचं असं दुसरं कुठं न्हाई, नि ते मोडलं तर परत मिळायचं न्हाई.

"एवढं हाय ह्यात?" म्हणला.

"एवढं हाय," सर म्हणले.

"साबणानं?"

"साबणानं."

मंग शर्टाच्या बाहीनंच त्यानं एकेक रेघ पुसली. नवं मशीन भिंतीकडंला सरकवून बसवतो म्हणला, येताजाता अडचण झाली तरी चालंल. आन माझ्याकडं न बघताच म्हणला, "खंडेनवमीला पुजलेलं वर्साच्या आत मोडत न्हाईत. आमच्यात तसं असतं." जयमालानं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

तिथंच इंग्रिदबाईनं सरांच्या कागदावर सही केली. सर म्हणले, आजी, विजूचं वरीस मिळालं. मंजुरी चालू, पण अट हाय. मला वाटलं, आता पूजा बंद करा म्हणत्यात. तर अट काय? दिवा सोडला तवा पाणी कुठं फिरलं, तेल कुठं सांडलं, साबण कुठल्या टोकाला घातला, हे मी नि जयमालानं समोर उभं राहून दाखवायचं. जयमाला सरांच्या मागं लपाया लागली! पण त्याआधी पाणी बदलून दोन दिवस स्वच्छ पाण्यावर मोजणार, मंग तेल. तेबी दिव्यानं न्हाई, काचेच्या नळीनं थेंब थेंब. म्हणलं, असली कंजूस पूजा म्या जन्मात बघितली न्हाई. इंग्रिदबाईला सरांनी सांगितलं तर ती इतकी हसली की तिचा चष्मा हौदात पडायचा ऱ्हायला. पडला असता तर? परत सगळं पहिल्यापासनं!

जाताना मी तिची ओटी भरली. तिनं नारळ दोन्ही हातांत असा धरला, जणू तेच यंत्र हाय.

ते मोजायला येतील त्याच्या दोन दिवस आधी तू ये. येताना बॅगेत मोकळी जागा ठेव, पुरणयंत्र परत आलंय. माझ्यावरचा राग गेला असंल तर पुरणाच्या पोळ्या, उरला असंल तर भाकरी.

मी कॅलेंडर बघितलं तर डोळंच फिरलं. त्यांना काय ठाऊक, त्यांनी आपली मोजणीची तारीख सांगितली. पण त्या दिशी खंडोबाची चंपाषष्ठी हाय, घरोघर भंडारा उधळत्यात, आन मला सक्त ताकीद की हौदाजवळ हळदीचा हातसुद्धा आणायचा न्हाई! मी उद्धवला सांगितलंय, त्या दिशी मला शेडच्या दारात धरून ठेव.

सव्वीस नोव्हेंबर, बुधवार. सकाळी पोचतो म्हणून सांगून गेलेत.